आधी गोळीच्या पट्टीवरचं नाव वाचा

प्रश्न : माझं वय 58. अकरा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळीही चालू आहे. साखर वाढली म्हणून तीन महिन्यांपासून चालायला लागले. सकाळी उठल्यावर मधुमेहाची गोळी घेते आणि काही न खाता पाऊण तास चालून येते. मागच्या आठवड्यात चालता चालता एकदम घाम फुटला, हातपाय गळाले, घरी कशी पोचले ते आठवत नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी बरंच जास्त चालणं झालं, त्या रात्री तीनला जाग आली तर अंगावरचे कपडे घामाने ओले. घरचे म्हणतात, आता चालणं बंद. पण चालण्यामुळेच साखर आटोक्यात येते आहे. काय करू?

उत्तर : ताई, चालणं सोडायचं नाही. पण डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत उपाशीपोटी बाहेर पडू नका. दोन्ही वेळचा घाम साखर घसरल्याचाच वाटतो, आणि ती एकट्या चालण्याने घसरली असेल असं मला वाटत नाही.

पत्रात सगळं लिहिलंत, गोळीचं नाव तेवढं राहिलं. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन यायला सांगते. त्या टेबलावर मांडून एकेक नाव वहीत उतरवून घेते, व्यायामाचं नंतर. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर चालण्याने धोक्याच्या खाली जाणं क्वचितच घडतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड यांचं तसं नाही. पोटात अन्न असो वा नसो, या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. एरवी माणूस चालायला लागला की शरीर आपणहून इन्सुलिन कमी करतं, कारण राबणारे स्नायू इन्सुलिनवाचूनही रक्तातली साखर ओढून घेतात. गोळीने सुटलेलं किंवा सुईने घेतलेलं इन्सुलिन असं कमी होत नाही. तुमची गोळी यातली असेल तर सकाळी गोळीने सुटलेलं इन्सुलिन आणि राबणारे स्नायू दोन्ही एकाच वेळी साखर उतरवत होते, आणि पोट रिकामं.

पट्टीवर यातलं नाव निघालं तर डॉक्टरांना विचारा : गोळी नेमकी कधी घेऊ, आणि चालायच्या दिवशी मात्रा हीच ठेवायची का? ग्लिमेपिराइड तर जेवणाबरोबर घ्यायचीच गोळी आहे. मात्र स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका, कमीही करू नका. चालण्याची वेळ मात्र तुम्ही लगेच बदलू शकता. जेवणानंतर दहापंधरा मिनिटं सावकाश चाललात तरी जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते, आणि पोटात अन्न असल्याने घसरण्याची भीतीही कमी.

निघण्यापूर्वी बोटाला टोचून साखर बघा. अशा गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना आकडा 90 च्या खाली असेल तर आधी साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. 70 च्या खाली असेल तर व्यायाम नाहीच, आधी साखर वर आणायची : तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचून बघायचं, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. तुमच्या पट्ट्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर चालणार नाही. ही औषधं तिचं पचन लांबवतात. तुम्हाला ग्लुकोजच लागेल.

चालताना हे ग्लुकोज सोबत कशात ठेवायचं हेही सांगते. एकदा माझ्यासमोर खुर्चीतून उठबस करणारे एक गृहस्थ बोलता बोलता अडखळायला लागले. खिशात चॉकलेट होतं, त्यांनी ते काढलंही, पण बोटं इतकी थरथरत होती की कागद सुटेना. ते तो कागद नुसता कुरतडत राहिले. शेवटी मी त्यांच्या हातातून चॉकलेट काढून घेतलं आणि पाण्यात ग्लुकोज कालवून दिलं. चॉकलेटमधल्या स्निग्धामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो, तेव्हा ते तसंही उपयोगाचं नव्हतं. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सैल झाकणाच्या छोट्या डबीत ग्लुकोज ठेवायला सांगते, आणि घरी एकदा डाव्या हाताने ती उघडून बघायला लावते.

आता रात्री तीनचा घाम. लांब चालण्यात स्नायूंमधला साखरेचा साठा कमी होतो आणि तो भरून काढायला ते पुढे कित्येक तास, कधी चोवीस तासांपर्यंत, रक्तातून साखर घेत राहतात. म्हणून ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त चालाल त्या रात्री झोपण्यापूर्वी साखर तपासा, आणि शेजारी झोपणाऱ्यालाही सांगून ठेवा.

रक्तदाबाच्या गोळीचंही नाव बघा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांपैकी असेल तर साखर घसरताना होणारी धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र दबत नाही. तो आला की कारण शोधत बसू नका, थांबा आणि ग्लुकोज घ्या. याच गोळ्यांमुळे घड्याळावरचे नाडीचे ठोकेही फसवतात. त्यापेक्षा चालताना बोलून बघा : बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की वेग बरोबर आहे. छातीत दडपलं किंवा नेहमीच्याच वेगाला नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मधुमेहात हृदयाचं दुखणं कधीकधी वेदनेशिवाय येतं.

आणि घरच्यांना हे सगळं वाचून दाखवा. त्यांची भीती खरी आहे.

प्रश्न : माझ्या तळपायांना बधिरपणा आहे. चालण्याचा व्यायाम करू की नको?

उत्तर : जखम नसेल तर करा. फक्त, पाय जे सांगणार नाहीत ते डोळ्यांनी बघायचं. एका बाईंच्या बुटातून शर्टाचं बटण निघालं होतं. चार दिवस त्यांनी त्यावर पाय ठेवला, त्यांना काहीच कळलं नाही. मोजा काढला तेव्हा टाचेपुढे बटणाएवढा लाल गोल वळ, मधोमध फोड. बूट घालण्यापूर्वी दर वेळी आत हात फिरवा. अनवाणी चालू नका, घरातसुद्धा. रात्री पायाखाली आरसा धरून तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. फोड किंवा चीर दिसली की चालणं थांबवून डॉक्टरांकडे जा आणि ते परवानगी देईपर्यंत खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करा.

प्रश्न : साखर 310 आली. जोरात व्यायाम करून उतरवू का?

उत्तर : जोरात नको. दमवणाऱ्या व्यायामाने अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि साखर उलट आणखी चढू शकते. टाइप 1 असेल तर 250 च्या वर गेल्यावर आधी लघवीत किंवा रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होणारी आम्लं) तपासा. ते आढळले तर व्यायाम बंद, डॉक्टरांना फोन. टाइप 2 असेल, अंगात ताप नसेल, उलट्या होत नसतील, बरं वाटत असेल आणि पाणी नीट प्यायला असाल तर सावकाश चालायला हरकत नाही. मळमळ, पोटदुखी, न भागणारी तहान यातलं काही असेल तर घरी बसून वाट बघू नका, लगेच दवाखान्यात जा.