कात्री कुणाच्या हातात?

प्रश्न : माझी भाची चित्रकला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. वार्षिक प्रदर्शनात ती नुसती बसून राहणार, समोर कात्री, आणि येईल त्याने तिच्या ड्रेसचा तुकडा कापून न्यायचा. योको ओनो या बाईंनी हे केलंय म्हणे. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाने भाचीला त्रास दिला होता, तेव्हापासून ती घरात मोजकंच बोलते. बहीण म्हणते, "दादा, तूच समजाव." ही कला आहे का? तिला अडवू का?
— एक मामा, कोल्हापूर

उत्तर : कला आहेच. जपानी कलाकार योको ओनोंनी हाच प्रयोग 'कट पीस' या नावाने १९६४ मध्ये जपानमधल्या क्योतोत केला, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला. न्यूयॉर्कच्या प्रयोगाची फिल्म आहे, ती आधी बघा. सुरुवातीचे लोक बिचकत, इवलासा तुकडा कापून निघून जातात. मग एक तरुण येतो. तो सावकाश, मजेत कापत राहतो आणि अंतर्वस्त्रांच्या पट्ट्यांपर्यंत पोचतो. ओनोंचे हात छातीवर येतात. मी वर्गात ही फिल्म दाखवायचे तेव्हा मुलं ओनोंकडे कमी, त्या तरुणाकडेच जास्त बघायची. प्रयोगाचा रोख तिथेच आहे.

पण मामा, ओनोंच्या लेखी सूचनेत एक अट आहे : प्रयोग कधी संपवायचा, हे सादर करणारी व्यक्ती ठरवणार. सर्बियात जन्मलेल्या कलाकार मरीना अब्रामोविच यांनी १९७४ मध्ये इटलीत, नेपल्समध्ये असाच प्रयोग केला, पण ही सोय ठेवली नाही. टेबलावर ७२ वस्तू : गुलाब, मध, कात्री, पिस्तूल, गोळीसुद्धा. त्यांची सूचना होती : सहा तास माझ्यावर काहीही वापरा, जबाबदारी माझी. लोकांनी कपडे फाडले, मानेवर जखम केली, पिस्तूल रोखलं. वेळ संपल्यावर त्या चालू लागल्या, तेव्हा प्रेक्षक पळाले, असं त्यांनीच सांगितलंय.

म्हणून अडवू नका. 'लोक काय म्हणतील' तर मुळीच काढू नका. ते तिने पुष्कळ ऐकलं असेल. विचारा एवढंच : थांबायची खूण काय? जवळ उभी राहणारी मैत्रीण कोण? त्या रात्री कुठे राहणार? अशा कामाने मन हलकं होतंच असं नाही, कधी जुनं सगळं वर येतं. समुपदेशक असेल तर तिच्याशी आधी बोलून घेऊ दे.

ती स्वतःच कचरत असेल, तर बेंगळुरूच्या 'ब्लँक नॉइझ' या छेडछाडीविरुद्धच्या कलाप्रकल्पाचं काम दाखवा. जस्मीन पथेजा यांनी २००३ मध्ये ते सुरू केलं. छेडछाड झाली तेव्हा अंगावर असलेले कपडे बायका तिथे आणून देतात. कपडे बोलतात, बाईला समोर बसावं लागत नाही.

आणि मोबाइल! ओनोंच्या वेळी लोक कापडाचा तुकडा घेऊन घरी गेले, आज व्हिडिओ घेऊन जातील. फोन दाराशीच जमा करायचे, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्या. ते काम मामाने करावं.