गावातल्या छोट्या वाचनालयासाठी गोव्यात अनुदान कुठून मिळू शकेल?

तुम्ही लिहिलंय की डिचोली तालुक्यातल्या तुमच्या गावात आठजण मिळून देवळाच्या अग्रशाळेतल्या (आवारातल्या धर्मशाळेसारख्या इमारतीतल्या) खोलीत वाचनालय आणि मुलांची अभ्यासिका चालवता. दोन वर्षं झाली, नोंदणी नाही, खर्च खिशातून चाललाय, आणि "अनुदान मिळवून देतो" म्हणणाऱ्या एकाने मिळेल त्या रकमेचे पंधरा टक्के मागितलेत. त्याला आजच नाही म्हणा. अर्ज लिहून देण्याची ठरावीक फी कुणी घेतली तर त्यात वावगं काही नाही. पण रकमेतला वाटा कुठल्या बिलावर दाखवणार? अनुदानाचा रुपयान् रुपया बिलाने सिद्ध करावा लागतो.

मी सत्तरीतल्या एका लहान संस्थेची चिटणीस आहे. बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट नोंदणी. १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सातजण लागतात, तुम्ही आठ आहात, म्हणजे तो प्रश्न मिटला. खरं डोकं संस्थेच्या घटनेतल्या, म्हणजे नियमावलीतल्या, उद्दिष्टांच्या कलमात घाला. आम्ही घाईत दुसऱ्या एका मंडळाची घटना उतरवून घेतली होती. त्यात नाट्यप्रयोग, भजन, क्रीडा, समाजप्रबोधन असं सगळं होतं, फक्त "वाचनालय" हा शब्द नव्हता. पुस्तकांसाठी केलेला आमचा पहिला अर्ज त्याच कारणाने परत आला. मग उद्दिष्ट बदलायचं म्हणजे कायद्याप्रमाणे खास सभा, तीन पंचमांश बहुमत, आणि महिन्याभराने पुन्हा तशीच सभा घेऊन तेवढ्याच बहुमताने शिक्कामोर्तब. तोवर अर्जाची मुदत गेली आणि मुलांना वर्षभर फाटकी पुस्तकं वापरावी लागली. ते मला अजून लागतं. म्हणून सांगते, सार्वजनिक वाचनालय, अभ्यासिका, मुलांचं शिक्षण, लोककला, पर्यावरण असं पुढच्या दहा वर्षांत जे करावंसं वाटतं ते सगळं आत्ताच स्पष्ट शब्दांत लिहा.

दुसरी, जागा. अग्रशाळा देवस्थानची आहे, तुमची नाही. कपाटं, टेबलं, पंखे यांसाठी पैसे मागितलेत की जागेचा कागद विचारतातच. देवस्थानच्या समितीकडून लेखी ना हरकत दाखला घ्या, आणि त्यावर किमान काही वर्षांची मुदत लिहून घ्या. समिती बदलली की तोंडी शब्द राहत नाही. महाजन, म्हणजे देवस्थानचे हक्काचे सभासद, गावचेच असतात, आज ते खूश आहेत तोवर हे काम करून टाका.

त्यानंतर संस्थेच्या नावाचं पॅन, दोन सह्यांचं बँक खाते, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंद, आणि प्राप्तिकर खात्याची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) म्हणून ओळखली जाणारी नोंदणी. ही सुरुवातीला तात्पुरती, तीन वर्षांसाठी मिळते. मुदत संपण्याआधी, वेळेत, पुढच्या नियमित नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो, ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. ८०जी असलं तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही, हे चतुर्थीत वर्गणी गोळा करणाऱ्या सगळ्यांना माहीत असू द्या.

आता पैसा. पणजीच्या बसस्थानकावर उतरून पाटोला चालत जा. तिथल्या संस्कृती भवनात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे आणि कला व संस्कृती संचालनालयही तिथेच आहे. एका खेपेत दोन्हीकडे विचारून होतं. संचालनालयाकडे सांस्कृतिक संस्थांसाठी अर्थसाहाय्याच्या योजना आहेत. ग्रंथालयात राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाबद्दल विचारा. कोलकात्यातली ही केंद्र सरकारची संस्था १९७२ पासून देशभरच्या सार्वजनिक वाचनालयांना पुस्तकं, कपाटं, इमारत यांसाठी मदत करते, आणि स्वयंसेवी संस्थांनी चालवलेली वाचनालयंही त्यात येतात. जाताना सभासदांची वही आणि रोजची वाचकनोंद घेऊन जा. ती नोंद आजपासून ठेवा, अगदी शाळेच्या वहीत चालेल. किती मुलं रोज येतात हे तारखेसह दाखवता आलं की समोरचा माणूस लक्ष देऊन ऐकतो.

कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे कायद्याप्रमाणे त्यांनी समाजकार्यावर खर्चायचा पैसा, तुम्हाला लगेच मिळणार नाही. ज्या संस्थेमार्फत कंपनी काम करते तिला साधारण तीन वर्षांचा त्याच कामाचा अनुभव लागतो, शिवाय १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ हा संस्थेच्या नोंदणीचा फॉर्म. पण आत्तापासून ओळख ठेवायला हरकत नाही, कारण कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक वाचनालय हे काम नावानिशी दिलेलं आहे, आणि कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. तुमच्या तालुक्यात खाणी आहेत, डिचोलीची औद्योगिक वसाहत आहे. मात्र सीएसआर सगळ्यांना बंधनकारक नाही. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी पार केलेली कंपनीच त्यात येते. छोट्या कारखानदाराकडे जाताना देणगी मागा, सीएसआर नको.

एका बाबतीत मात्र फार जपा, कारण गोव्यात ही चूक सहज होते. गावची कितीतरी माणसं इंग्लंडमध्ये आहेत, मायेने पैसे देतात. देणाऱ्याचा पासपोर्ट भारतीय असेल, उदाहरणार्थ बोटीवर नोकरी करणारा तुमचा शेजारी, आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ते परदेशी योगदान ठरत नाही. पण त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर कायद्याच्या लेखी तो परदेशी नागरिक. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी तेच, आणि सुट्टीत गावी येऊन रुपयांत दिले तरीही तेच. एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदानाच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ते पैसे घेणं गुन्हा आहे. ही नोंदणी हवी तर संस्था तीन वर्षं जुनी आणि तीन वर्षांत मुख्य कामावर पंधरा लाख खर्च केलेला असावा लागतो, ते आपल्यासारख्यांना कुठून जमणार? आमच्याच वाड्यावरच्या एका सद्गृहस्थाने आईच्या नावाने मुलांसाठी संगणक द्यायचं ठरवलं होतं. त्यांना नाही म्हणायला मीच गेले, त्यांचे डोळे भरून आले. तरीही नाहीच म्हणावं लागतं. पासपोर्ट कुठला ते पैसे घेण्याआधी विचारा, संकोच करू नका.

आणखी एक. पुष्कळ अनुदानं आधी खर्च, मग बिलं, मग रक्कम अशी येतात, किंवा शेवटचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि सीएच्या सहीनंतर सुटतो. हातात चार-सहा महिन्यांचे पैसे नसतील तर मोठी रक्कम मंजूर होऊनही संस्था अडकते. म्हणून पहिला अर्ज छोटा करा, दोन कपाटं आणि दीडशे पुस्तकं एवढाच. तो वेळेत, चोख हिशेबासह पुरा केलेला कागद पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडता येतो.

घटनेचा मसुदा तयार झाला की दाखवा. उद्दिष्टांचं कलम मी स्वतः वाचून, काय राहिलं ते सांगेन.