गायीचे डोळे पांढरे, मेंढ्या मात्र ठणठणीत

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. आता एका संकरित गायीला १०६ अंश फॅरनहाइट ताप आहे. दोन्ही डोळे पांढरे पडलेत, नाकातून घट्ट शेंबूड येतो, लाळ गळते. खुरांत जखम नाही. मेंढ्या तर ठणठणीत होत्या, मग त्यांच्याकडून काही आलं असेल का? गोठ्यात शेळ्याही आहेत.

उत्तर : येऊ शकतं. लक्षणं मॅलिग्नंट कटारल फीवरची, म्हणजे एमसीएफची वाटतात. याचा हर्पिस विषाणू मेंढीत जन्मभर मुक्काम करतो, तिला आजारी पाडत नाही. गाय-म्हशीत गेला की बहुधा जीव घेतो. भारतात काश्मीर आणि कर्नाटकात तो सापडला आहे. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. त्यामुळे तुमचा दीड महिना यात बसतो.

डोळा उजेडात नीट पाहा. एमसीएफमध्ये पांढरेपणा बुबुळाच्या कडेने सुरू होऊन मध्याकडे सरकतो, आणि तो दोन्ही डोळ्यांत असतो. साध्या डोळे येण्यात डाग बहुधा मध्यभागी पडतो, अनेकदा एकाच डोळ्यात, आणि एवढा ताप नसतो. खांद्यापुढची गाठ सुजली आहे का, तेही चाचपा. लाळ्या-खुरकूत असता तर चार-आठ दिवसांत गोठाभर पसरला असता. एमसीएफ गायीकडून गायीला सहसा जात नाही, म्हणून बाकीच्या गायी घाईने विकू नका.

खात्री पीसीआरने, म्हणजे रक्तातला विषाणूचा अंश शोधणाऱ्या चाचणीनेच होते. पशुवैद्यकाकडून जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत (यात रक्ताच्या गाठी होत नाहीत) रक्त काढून घ्या. नळी हलक्या हाताने उलटसुलट करून बर्फाच्या डब्यात पाठवा. रक्ताचा बर्फ होऊ देऊ नका, नाहीतर पेशी फुटतात. गाय दगावली तर शवविच्छेदन करून घ्या.

विषाणू मारणारं औषध नाही, लसही नाही. प्रतिजैविकं फक्त मागाहून होणाऱ्या जिवाणूसंसर्गासाठी. ती सुरू असताना आणि पशुवैद्यक सांगेल तितके दिवस दूध डेअरीला घालू नका. गाय सावलीत ठेवा, पातळ आंबोण आणि पाणी द्या. माणसाला हा रोग होत नाही.

खरं सावध राहायचं ते ६ ते ९ महिन्यांच्या कोकरांपासून. त्यांच्या नाकातल्या स्रावातून विषाणू सर्वाधिक बाहेर पडतो. अमेरिकेत तो मेंढ्यांपासून ५ किलोमीटरवरच्या बायसनांपर्यंत, म्हणजे तिथल्या गव्यासारख्या जनावरांपर्यंत, पोचला होता. या रोगाच्या बाबतीत बायसन गायीपेक्षा खूपच नाजूक, पण यावरून मधली भिंत पुरत नाही हे कळतं. पुढच्या वेळी मेंढ्या गोठ्यापासून जमेल तितक्या लांब, वारा गोठ्याकडून मेंढ्यांकडे वाहील अशा बाजूला बसवा. गव्हाण आणि हौद वेगळे ठेवा.

शेळ्यांचा स्वतःचा असाच एक विषाणू आहे. त्याचा त्रास मुख्यतः हरणांना होतो. पण मेंढ्यांसोबत राहिलेल्या शेळीत मेंढीचा विषाणूही असू शकतो, म्हणून तिलाही गायींच्या गव्हाणीपासून दूरच बांधा.