वाचक विचारतात : भरलेली रॅम आणि स्वतःकडे लक्ष ठेवणारी ऑपरेटिंग सिस्टीम

प्रश्न : माझ्या संगणकावर लिनक्स आहे. ब्राउझर आणि एखादी फाइल एवढेच उघडे असले तरी ८ जीबी रॅम जवळजवळ भरलेली दिसते. एका परिचितांनी दर तासाला कॅशे रिकामी करणारी आज्ञा चालवायला सांगितले आहे. ऑपरेटिंग सिस्टीम हे स्वतः सांभाळत नाही का? – एक वाचक, सातारा

उत्तर : सांभाळते, आणि म्हणूनच ती आज्ञा कृपया चालवू नये. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल पुन्हा लागण्याचा संभव असल्यामुळे लिनक्स तिची प्रत मोकळ्या रॅममध्ये ठेवून देतो (हीच कॅशे) आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की बराच काळ न वापरलेला भाग आधी सोडतो. कॅशे दर तासाला रिकामी केली, तर तीच माहिती पुन्हा डिस्कवरून आणावी लागते आणि संगणक उलट मंदावतो. मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या ‘फ्री’ या आज्ञेच्या उत्तरात ‘फ्री’ नव्हे, तर ‘अव्हेलेबल’ हा स्तंभ पाहावा. गरज पडल्यास किती रॅम मिळू शकेल याचा कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, केलेला अंदाज त्यात असतो.

आपल्याच कामाचे निरीक्षण करून वागणे बदलण्याची ही रीत जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी उभारलेल्या, एकाच संगणकावर अनेकांना पाळीपाळीने काम करू देणाऱ्या सीटीएसएस या प्रणालीत, ठरलेल्या वेळात न संपणारे काम खालच्या रांगेत जाई आणि तेथे त्याला उशिरा, परंतु अधिक लांब पाळी मिळे. त्यामुळे कोणते काम छोटे आणि कोणते मोठे, हे वापरकर्त्याने आधी सांगण्याची गरज उरत नसे. पुढे १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी प्रत्येक प्रोग्रॅम नजीकच्या काळात मेमरीचा नेमका किती भाग हाताळतो, हे मोजण्याची कल्पना मांडली. अशा सर्व भागांची बेरीज रॅमपेक्षा मोठी झाली की संगणक काम करण्याऐवजी पानांची, म्हणजे मेमरीच्या छोट्या तुकड्यांची, रॅम आणि डिस्क यांच्यात ने-आण करण्यातच गुंततो, आणि आपल्याला जाणवणारा खरा मंदपणा बहुधा हाच असतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती २०१८ च्या अखेरीस लिनक्सच्या ४.२० या आवृत्तीत आलेली सोय. रॅम किती भरली, एवढ्यावर न थांबता तिच्या टंचाईमुळे कामे किती वेळ अडून राहिली, हे कर्नल तिच्या साह्याने मोजतो आणि गेल्या १०, ६० व ३०० सेकंदांची सरासरी टक्केवारीत देतो. मोजायचे ते हेच, कारण भरलेल्या रॅमचा कोणालाच त्रास नसतो, त्रास असतो तो खोळंब्याचा. अँड्रॉइड १० पासून फोनमधील कोणते ॲप केव्हा बंद करायचे, हे ठरवतानाही याच मापाचा आधार घेता येतो.

अर्थात या स्वनियंत्रणाला मर्यादा आहे. कोणते काम आपल्याला प्रिय आहे, हे कर्नलला कळत नाही. रॅम खरोखरच संपली, तर तो मुख्यतः अधिक मेमरी व्यापणारा प्रोग्रॅम निवडून बंद करतो, आणि तो नेमका जतन न केलेल्या लेखनाचा असू शकतो.

खोळंब्याचे हे माप पाहण्यासाठी आपण ‘प्रॉक’ या सिस्टीमच्या फोल्डरमधील ‘प्रेशर’ या फोल्डरमधली ‘मेमरी’ ही फाइल काही दिवस, विशेषतः संगणक मंद वाटेल तेव्हा, उघडून पाहावी. तेथील आकडे शून्याजवळ असतील, तर मंदपणाचे कारण रॅमबाहेर शोधावे लागेल. ते वारंवार चढत असतील, तर ब्राउझरमधील उघडे टॅब कमी करावेत आणि तेवढ्याने भागले नाही तरच रॅम वाढवावी.