फोन फोडून काय होणार?

प्रश्न : मॅडम, आमची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. मुलगा नववीत. गेममध्ये ओळख झालेला एक ‘दादा’ त्याला डायमंड, म्हणजे गेममधले पैसे, पाठवायचा. पुढे दोघं टेलिग्रामवर बोलू लागले. त्याच्या सांगण्यावरून मुलाने शर्ट काढून एक फोटो पाठवला. आता तो म्हणतो, ‘अजून पाठव, नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकतो.’ परवा जेवता जेवता पोरगं रडायला लागलं आणि सगळं सांगितलं. आमचे हे फोन फोडायला निघालेत. गावात कळलं तर काय, हीच मला धास्ती आहे.
– एक आई

उत्तर : ताई, फोन फोडू देऊ नका. पुरावा त्यातच आहे. चॅट पुसू नका. युजरनेम, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि मगच ब्लॉक करा. तो फोटो मात्र कुणा नातेवाइकालाही पुढे पाठवू नका. मुलाच्या खात्यावरून त्या माणसाला शिव्या घालाव्याशा वाटतील, पण तो सावध होऊन खातंच बंद करेल.

पोरगं तुमच्यापाशी बोललं, हे फार मोठं झालं. ही माणसं मुलाच्या गप्प बसण्यावरच जगतात. आधी डायमंड, मग ‘तुझ्या घरच्यांना तू कळतच नाहीस’, मग ‘हे आपल्यातच ठेव’. छाटणीच्या दिवसांत बाप पहाटेपासून बागेत, रात्री घर दमून झोपलेलं, पोरगं एकटं जागं. नेमका तेव्हा ‘झोपलास का?’ येतो. खरं सांगितल्यावर घरात मार बसला, तर पुढची धमकी तो तुमच्यापासून लपवेल. यजमानांना एवढं पटवाच. त्यांनी एकदा मुलाला जवळ घेऊन ‘तुझी चूक नाही’ म्हणावं. ते त्यांच्याच तोंडून यायला हवं.

तक्रार तासगावच्या ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा 18 वर्षांखालच्या मुलग्यांनाही तितकाच लागू आहे, हे अजून अनेकांच्या गावी नसतं. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात आणि त्या वेळी अंगावर वर्दी नसावी, असं कायद्यातच आहे. मुलाचं नाव, घर, शाळा छापायला मनाई आहे.

तेव्हा गावाची धास्ती बाजूला ठेवा आणि आजच 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा, चोवीस तास चालू असते. मुलाला शेजारी बसवून लावा, त्याच्या माघारी नको.