महागड्या स्पीकरच्या दोन जोड्यांतून घरासाठी निवड कशी करावी?

आपल्या खोलीचे माप बारा बाय दहा फूट असून मुख्यतः ख्यालगायन ऐकायचे आहे, आणि जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर घ्यावेत की स्टँडवर ठेवायचे लहान, असा आपला प्रश्न आहे. मी कोथरूडमध्ये जवळपास एवढ्याच खोलीत ऐकतो आणि दुकानात मनात भरलेली मोठी जोडी घरी आणून, वर्षभराने तोटा सोसून विकून बसलो आहे. तेव्हा माझे मत लहान जोडीकडे झुकलेले आहे, हे आधीच सांगतो.

बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झला आणि दहा फूट रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झला ध्वनी भिंतींमध्ये घुमून फुगतो. मोठा स्पीकर नेमका याच पट्ट्यात जोर लावतो, त्यामुळे डग्ग्याची घुमार स्पष्ट होण्याऐवजी पसरट होते. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या तारेचा मूळ स्वर साधारण ६९ हर्ट्झचा असतो, आणि जवारीची, म्हणजे घोडीवर तार झणझणून येणारी झळाळी तर त्याच्या कितीतरी वरच्या स्वरांशांत (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच सुरांत) असते. म्हणजे ख्यालासाठी ३० हर्ट्झपर्यंत उतरणाऱ्या खोक्याचे पैसे मोजण्याची गरज सहसा नसते.

दुकानात तुलना करताना सर्वांत मोठी फसगत आवाजाच्या पातळीची होते. एका जोडीची संवेदनक्षमता (तेवढ्याच विद्युत-संकेतावर ती किती मोठी वाजते, ते माप) ८६ डेसिबल आणि दुसरीची ८९ असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरचे बटण न हलवता जोडी बदलल्यास दुसरी ३ डेसिबल मोठी वाजते, आणि आपला कान मोठ्यालाच सरस ठरवतो. म्हणून ऐकण्याच्या जागी मोबाइलवरील ध्वनिमापक ठेवून, एकाच चाचणी-ध्वनीवर दोन्ही जोड्यांची पातळी जुळवून घ्यावी. विक्रेता चकचकीत नमुने वाजवतो. आपण मात्र वर्षानुवर्षे ऐकलेले विलंबित लयीतले एखादे ध्वनिमुद्रण न्यावे आणि गायकाचा श्वास, 'स' आणि 'श' यांची धार, तबल्याच्या किनारीचा बोल यांकडे लक्ष द्यावे. अर्धा तास ऐकूनही कान शिणले नाहीत, तर ती जोडी विचारात घ्यावी.

शक्य असल्यास अनामत ठेवून दोन दिवस घरी नेऊन पाहावी. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत फरशी आणि काचेच्या सरकत्या खिडक्या असतात. आधी जाड सतरंजी अंथरा, पडदे लावा, स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या आणि मगच निर्णय करा.