चाचणीसाठी जमीन भाड्याने घेताना एफडी मोडू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की जिवाणू खताच्या तीन वर्षांच्या चाचण्यांसाठी 2 एकर भाड्याने हवंय. पहिली जमीन स्वस्त पण करार दरवर्षी नव्याने, दुसरीचं भाडं दुपटीपेक्षा जास्त पण तीन वर्षांचं लेखी मिळतंय. ग्रँटमधले पैसे पहिलीपुरतेच आहेत, तर वरचा फरक स्वतःची एफडी मोडून भरू का?

जमीन दुसरीच घ्या, पण एफडीला हात लावू नका. मुळात तुम्हाला 2 एकर लागतच नाही.

तुम्हीच लिहिलंय, 6 ट्रीटमेंट (तुलना करायचे खताचे प्रकार), 4 रिप्लिकेशन (प्रत्येक प्रकार किती प्लॉटमध्ये लावायचा), पिकं दोन. म्हणजे 48 प्लॉट झाले. एक प्लॉट 5 बाय 6 मीटरचा धरला तर 1440 चौरस मीटर. जिवाणू पाण्याबरोबर शेजारच्या प्लॉटमध्ये वाहून जातात म्हणून मधल्या वाटा रुंद हव्यात, कडेच्या ओळी हिशोबात धरायच्या नाहीत, त्यासाठी अजून तेवढीच जागा सोडली तरी 2880 होतात आणि एकर असतो 4047 चौरस मीटरचा. तुमच्याच आकड्यांनी, वर्षाचा सगळा खर्च 100 धरला तर स्वस्तातले 2 एकर 6 ला पडतात आणि चांगल्यातले 14 ला. चांगल्यातला एकच एकर घेतला तर 7. फरक उरला 1 चा, आणि तेवढा ग्रँटच्या दुसऱ्या हेडमधून, म्हणजे दुसऱ्या खर्चासाठी ठेवलेल्या पैशातून, वळवायची लेखी परवानगी ग्रँट देणाऱ्यांकडे मागून बघा. फक्त आधी तुमच्या स्टॅटिस्टिक्सवाल्यांना विचारा की दरवर्षी जागा बदलायची आहे का, कारण बदलायची असेल तर एकरात भागणार नाही, मग लागूनच्या एकरावर पहिला हक्क करारात लिहून घ्या.

आता स्वस्त जमीन का नको ते सांगतो, कारण भाड्याचा आकडा बघून माणूस इथेच फसतो. 100 मधले 94 मजुरी, बियाणं, लॅब टेस्टिंग, कुंपण यात जाणार आहेत. दुसऱ्या वर्षी मालकाने करार केला नाही तर पहिल्या वर्षाच्या डेटाला पुढचा धागाच राहत नाही, मग ते 94 कुठून भरून काढणार? इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेडला 1843 पासून एकाच शेतात गव्हाचे प्लॉट चालू आहेत, आणि ते सुरू करणाऱ्या जॉन लॉज यांची जमीन स्वतःची होती, उठवणारं कोणी नव्हतं.

दुसरं म्हणजे बेवड, म्हणजे त्या जमिनीत आधी जे झालं त्याचा मातीत उरलेला परिणाम. माझ्या एका क्लायंटने असाच स्वस्तात तुकडा घेतला होता. पीक गुडघ्याएवढं झालं तेव्हा मी स्वतः बघितलंय, एका कोपऱ्यात चार प्लॉट काळेशार हिरवे आणि बाकी सगळं फिकट, आणि चौकशी केल्यावर कळलं की तिथे कित्येक वर्षं जनावरं बांधायचे. खत कुठलंही टाका, त्या कोपऱ्यात तेच जिंकणार. अख्खा सीझन गेला, मला अजून वाईट वाटतं त्याचं.

म्हणून सही करायच्या आधी मालकाकडून मागच्या तीन वर्षांची पिकं, खतं आणि तणनाशकं लिहून घ्या, काही तणनाशकांचा अंश पुढच्या पिकापर्यंत मातीत राहतो. मातीचे नमुने जागोजागचे वेगवेगळे तपासा, सगळी माती एकत्र मिसळून एकच रिपोर्ट काढला तर असा कोपरा सापडत नाही. वर्षभर चाचणी न लावता एकसारखं पीक घेऊन बघता आलं तर उत्तमच, पण तुमच्याकडे तेवढा वेळ नाही.

भाडं तीन वर्षांचं एकदम देऊ नका, सीझनप्रमाणे द्या. आणि जमीन मधेच विकली तरी उभं पीक काढेपर्यंत ताबा तुमचाच, हे वाक्य करारात असल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. करार वकिलाकडून वाचून घ्या, ती फी ग्रँटमध्ये बसत नसेल तर तेवढी मात्र खुशाल स्वतःच्या खिशातून भरा.